मीठ-मोहऱ्या आणि लाल सोनं

माझा सत्कार असला की कुणीतरी उठून सांगतंच, बाईंनी प्रतिकूल परिस्थितीशी झुंज दिली. परिस्थितीशी कोण झुंजणार? ती काही समोर येऊन उभी राहत नाही. मी भांडले ती माणसांशी, आणि त्यांतले पहिले आमच्या रसायन संस्थेतले विभागप्रमुख. पुढे त्यांच्याच खुर्चीवर मी बरीच वर्षं बसले. ते आता नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती जमत नाही.

मी कोलॉइडची रसायनतज्ज्ञ. पुस्तकी मराठीत त्याला कलिल म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की लोक शेजारच्याच्या तोंडाकडे बघतात. सोपं सांगते. साखर पाण्यात विरघळते, वाळू तळाला बसते. काही पदार्थ मात्र यातलं काहीच करत नाहीत, त्यांचे बारीक कण नुसते तरंगत राहतात. दूध, शाई, कांजी, झालंच तर हवेतला धूर. तळाला बसायला नकार देणारे कण! मला ते पहिल्या भेटीतच आवडले.

आमचं घर लालबागच्या चाळीत. बाबा गिरणीत सायझिंग खात्यात होते. विणताना सूत तुटू नये म्हणून तिथे त्याला खळ देतात, आणि त्या खळीचा आंबूस वास बाबांच्या अंगाला कायमचा चिकटलेला. खळीत चिंचोक्याचं पीठ जायचं. धनगर घोंगडीला लावतात तीही चिंचोक्याचीच खळ. लहानपणी ज्या चिंचोक्यांनी आम्ही मुली खेळायचो, ते सुताला एवढं घट्ट कसं धरतात, हा प्रश्न आमच्या विभागात कुणाला पडलेला नव्हता. मला पडला, आणि मी त्यावरच प्रबंध करायचं ठरवलं.

"चिंचोक्यावर?" विभागप्रमुख म्हणाले. "मग पुढच्या खेपेला कवड्या घ्या."

"कवडी शिजत नाही, सर," मी म्हटलं.

तेव्हापासून आमचं बिनसलं.

माझी सगळी मदार एका प्रयोगावर होती. सोन्याचे अगदी सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले की पाणी माणकासारखं लाल होतं. त्यात चिमूटभर मीठ पडलं, की कण एकमेकांना चिकटतात, पाणी निळं पडतं आणि हळूहळू सगळं सोनं तळाशी जाऊन बसतं. पण त्या पाण्यात आधीच एखादा राखणदार पदार्थ घातला असेल, तर तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मग मीठ घातलं तरी लाली जात नाही. माझं म्हणणं होतं, की चिंचोका हे राखणदाराचं काम फार थोडक्यात आणि फार चोख करतो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई आपल्याला मिळत नाही म्हटल्यावर आमची अख्खी चाळ रस्त्यावर होती. मी काय चाळीबाहेरची होते? मीही गेले, घसा बसेपर्यंत ओरडले. ते कुणीतरी पाहिलं आणि वर पोचवलं.

"घोषणा देणाऱ्या हातांना काचसामान सोसत नाही," विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं. "तुमचं टेबल मी दुसऱ्याला देतोय."

प्रयोगशाळेतलं टेबल म्हणजे संशोधकाचं घर. ते गेलं की प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला की मी कुठल्या तरी शाळेत मुलांना लिटमस दाखवत बसणार. एकच वाट उरली होती. पुण्याहून एक ज्येष्ठ परीक्षक कामं बघायला येणार होते, आणि काम दाखवणाऱ्यांत माझं नाव आधीच कळवलेलं होतं. ते खोडणं विभागप्रमुखांना शोभलं नसतं. म्हणून त्यांनी मला विभागातलं सोनं देणं बंद केलं. "दाखवा काय दाखवायचं ते," म्हणाले. "काम पटलं तर टेबल परत देऊ."

मी उजव्या कानातली रिंग काढली.

गिरगावातल्या एका शाळेत माझी मैत्रीण विज्ञान शिकवायची. सुट्टीच्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी ती रिंग आम्लात विरघळवली, त्यातलं तांबं वेगळं काढलं आणि निव्वळ सोन्याचं लाल पाणी केलं. दोन लहान चंबू भरले. एकात चिंचोक्याच्या काढ्याचे थेंब घातले, दुसरा तसाच ठेवला. तोंडाला कापसाचे बोळे लावून दोन्ही घरी आणले. परीक्षकांच्या डोळ्यांदेखत दोन्हींत मीठ घालायचं, एक निळा पडेल, एक लाल राहील, एवढाच बेत होता. पुन्हा करून बघायला डावी रिंग होती, पण परीक्षकांच्या आधी दुसरी सुट्टी नव्हती.

रिंगेचं कळल्यावर आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चाळ मात्र बोलत होती. फळीवर ठेवलेलं ते लाल पाणी बघायला मजल्यावरचं एकूण एक माणूस येऊन गेलं. खालच्या मजल्यावरची एक काकू तर हात जोडून गेली.

परीक्षकांचा दिवस उजाडला तो नेमका हरताळाचा. ट्राम बंद, बस बंद. दादरच्या पलीकडे संस्थेपर्यंत चालतच जायचं होतं. बाबा आधीच मोर्चाकडे गेले होते. मी मोरीतून तोंड धुऊन बाहेर आले, तर आई फळीसमोर उभी. मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. कापसाचे दोन्ही बोळे जमिनीवर.

"आई, काय करतेस?"

"दृष्ट काढतंय," ती म्हणाली. "सोना आसा त्यात. सगळी चाळ डोळे फाडून बघून गेली. नजर लागतली नाय तर काय!"

"पण बोळे का काढलेस?"

"तोंड बांधलेल्या बाटलीची दृष्ट निघता काय कधी?" तिने मलाच विचारलं. "म्हणान उघडलंय. आणि वायच मीठ-मोहऱ्या आतपण टाकलंय. मिठान कोणाचा वायट झाला हा?"

मी फळीकडे बघितलं. एक चंबू निळा पडत चालला होता. माझ्या डोळ्यांसमोर माझी रिंग, माझा प्रबंध, माझं टेबल, सगळं जांभळं झालं, मग निळं. तळाशी मोहऱ्या गोळा झालेल्या. मी आईवर अशी ओरडले की शेजारची दारं उघडली. मला तिचा राग आला, त्या बिनडोक रीतीचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त राग आला तो विभागप्रमुखांना आता केवढा आनंद होणार याचा.  उरलेल्या मिरच्या आईने चुलीत टाकल्या. ठसका आला नाही.

"बघ," ती हळूच म्हणाली, "केवढी नजर लागलेली."

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी दुसरा चंबू उचलून खिडकीशी धरला. त्याच्याही तळाशी मोहऱ्या होत्या. म्हणजे मीठ त्यातही पडलं होतं. आणि पाणी लालच्या लाल होतं.

चिंचोका टिकला होता.

मी दोन्ही चंबूंना बोळे लावले, पदराखाली धरले आणि निघाले. आईने विचारलं, तो बिघडलेला कशाला नेतंस? मी म्हटलं, दोघेही येतील.

परळच्या नाक्याला पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. अश्रुधूर म्हणजेही कोलॉइडच, पण त्या वेळी हे आठवून बरं वाटलं नाही. डोळ्यांतून धारा लागलेल्या, लोक गल्ल्यांतून पळतायत, कुठून तरी 'झालाच पाहिजे'चा आवाज येतोय. एकाने मला हाताला धरून भिंतीआड ओढलं, ओला रुमाल दिला आणि पदराखाली काय आहे म्हणून विचारलं. सोनं, मी म्हटलं. त्याला वाटलं धुरामुळे बाईचं डोकं फिरलं. बिचाऱ्याने मला दादरपर्यंत सोबत केली.

प्रयोगशाळेत मी लाल डोळ्यांनी शिरले. परीक्षक आदल्याच दिवशी मुंबईत येऊन राहिले होते. मी दोन्ही चंबू टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, तळाशी या मोहऱ्या आहेत का?"

"हो. माझ्या आईने आज सकाळी यांची दृष्ट काढली."

खोलीभर हशा उसळला. मी तो संपेपर्यंत थांबले. मग सांगितलं, की आईने दोन्हींत मीठ टाकलं, साधं सोनं निळं पडलं आणि चिंचोका घातलेलं लाल राहिलं.

"निळं आहे ते आधीपासूनच निळं नव्हतं कशावरून?" विभागप्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "हा प्रयोग नव्हे. हा स्वयंपाकघरातला अपघात आहे."

"निळं सोडून द्या," मी म्हटलं. "हे लाल घ्या. यात तुमच्या हाताने मीठ घाला. चिमूट नको, मूठभर घाला."

साधं सोन्याचं पाणी चिमूटभर मिठालाही टिकत नाही, हे तिथे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. विभागप्रमुख जागचे हलले नाहीत. शेवटी परीक्षकच उठले. कपाटातली मिठाची बाटली काढली, चमचा भरून चंबूत घातला, हलवला, उजेडाला धरला. लाल. आणखी एक चमचा घातला. लाल. ते पुन्हा खुर्चीत बसले तेव्हा कुणी हसत नव्हतं. आई पुढे आयुष्यभर म्हणत राहिली, की तिने दृष्ट काढली म्हणूनच ते तेवढं तरी राहिलं. या एका मुद्द्यावर मी तिच्याशी कधी वाद घातला नाही.

"विभागाच्या नोंदीत तुम्हाला सोनं दिलेलं दिसत नाही," परीक्षक माझ्याकडे बघत म्हणाले. "मग आणलंत कुठून?"

मी मान वळवून उजवा कान दाखवला. त्यांनी त्या रिकाम्या भोकाकडे बघितलं, मग विभागप्रमुखांकडे. 

बाहेर व्हरांड्यात विभागप्रमुखांनी मला गाठलं. "उद्यापासून तुमच्या टेबलावर या," ते दुसरीकडेच बघत म्हणाले. "पण ते मोर्चे आता बंद करायचे."

"उद्या येते, सर," मी म्हटलं. "परवा मोर्चा आहे. परवा नाही येणार."