हात खिशात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या मॅडमचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. घाटकोपरच्या ज्या छोट्या केंद्रात मी चार वर्षं काम करतोय, तिथे सगळे त्यांना नुसतं मॅडमच म्हणायचे. त्या आठवतात त्या पांढऱ्या एप्रनच्या दोन्ही खिशांत हात घालून उभ्या असलेल्या, आणि मला दटावणाऱ्या: "हात खिशात!"

आमचं काम ऑक्युपेशनल थेरपीचं. माझे वडील गावी बाजार समितीत हमाली करतात. ते अजून लोकांना सांगतात, "पोरगा मालिशचा डॉक्टर झाला." मालिश नव्हे. आजाराने, अपघाताने किंवा म्हातारपणाने ज्यांच्या हातून रोजची कामं सुटली, त्यांना ती परत स्वतः करता यावीत म्हणून आम्ही झटतो. आंघोळ, भाकरी, सही, काहीही. तुम्हीही घरात कधी पाहिलं असेल, आजारी माणूस शर्टाच्या एका बटणाशी पाच मिनिटं झुंजत असतो आणि आपले हात शिवशिवतात. आपण पटकन लावून दिलं, की त्याची पाच मिनिटं वाया. म्हणून हात खिशात.

मी तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेलो. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे म्हटलं की घाम फुटायचा. पहिल्याच महिन्यात नोकरी सोडायला निघालो होतो. मॅडमनी मान हलवली आणि बोट दाखवावं तसं टेबलावरचं रजिस्टर डोळ्यांनीच दाखवलं.

"उघड ते. मी सांगते, तू लिही. अडलं तर मराठीत लिही. पेशंट काय इंग्रजीत जेवतात?"

तेव्हापासून प्रत्येक पेशंटची नोंद त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. माणसाकडे कसं बघायचं, हे मी त्या लिहिण्यातून शिकलो.

वाकोल्याच्या एक मावशी यायच्या, मूळच्या मालवणकडच्या. अर्धांगवायूने डावा हात लुळा पडलेला. मी महिनाभर त्यांच्याकडून प्लास्टिकचे शंकू एकावर एक रचून घेतले, पकड मोजली, आकडे वाढले म्हणून खूश झालो. एक दिवस मावशींनी शंकू बाजूला सारले.

"ह्या शंकूंची काय आमटी करतलंय मी?"

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "कसली आमटी करायचीय मावशी?"

"माशाची. पण नारळ कोण खवतलो? सून मिक्सरात फिरवता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मॅडम ओट्याला टेकून नुसत्या सांगत होत्या. सूनबाई, खवणीखाली ओलं फडकं घाला. मावशी, अधू हात करवंटीवर ठेवा, त्यावर चांगला हात. दाबा आता. करवंटी निसटली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. मी वाकलो.

"हात खिशात."

मावशी पाटावरून सरकत सरकत आल्या, माझ्याकडे रागाने बघत करवंटी उचलून परत गेल्या. तासाभरात मूठभर खोबरं झालं. त्यांनी ते आधी मॅडमपुढे धरलं. मॅडम म्हणाल्या, "याला द्या. केव्हापासून भुकेला उभा आहे."

मॅडम बोरीवलीला एकट्या राहायच्या. शेवटचा पेशंट गेला तरी त्यांना निघायची घाई नसे. "घरी कोण वाट बघतंय? नॅशनल पार्कातून गॅलरीत येणारं एक माकड. तेही हल्ली शेजाऱ्यांकडे जातं, त्यांच्याकडे केळी असतात." मग मी चहा आणायचो. त्या म्हणायच्या, "अर्धाच भर रे." मला वाटायचं, साखरेचं पथ्य असेल.

गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं. निरोप समारंभ नको म्हणाल्या. सोमवारी आलो तर एप्रन खुंटीला होता.

काही महिन्यांनी एक जुना पेशंट परत आला, म्हणून मी जुनी रजिस्टरं काढली. माझं अक्षर सुरू होण्याआधीची पानं मॅडमच्या हातची. आधी टपोरं, गोल अक्षर. पानं उलटत गेलो तसं ते बारीक होत गेलं. शेवटच्या पानावर तर मुंग्यांची रांग. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे ओळखू यावं. कंपवातात हात थरथरतो आणि लिहिता लिहिता अक्षर आक्रसत जातं.

खिशातले हात. अर्धा कप. तीन वर्षं मी रोज त्यांच्यासमोर बसून दुसऱ्यांचे हात बघत होतो. रजिस्टर त्यांनी माझ्यासाठी मला दिलं की स्वतःसाठी, हे मला ठाऊक नाही. दोन्ही असेल. त्याने माझं देणं कमी होत नाही.

बोरीवलीला गेलो. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. गाऊनच्या खिशांत हात घालून आतूनच म्हणाल्या, "अरे, तू? घर आवरलेलं नाही रे. पुन्हा ये कधीतरी." फोन केला तर "मस्त चाललंय" म्हणून ठेवून देतात. किती जणांच्या स्वयंपाकघरांत शिरल्या असतील त्या, पण मला आपल्या घरात घेईनात. आत आलो तर मी काय काय बघेन, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

शेवटी पत्र पाठवलं. ते असं:

"मॅडम, सादर नमस्कार.

जुनं रजिस्टर बघितलं. मला फार उशिरा दिसलं, माफ करा.

रविवारी सकाळी दहा वाजता येतोय. घर आवरू नका. आवरलेल्या घरात पेशंटचं काही कळत नाही, हे तुमचंच सांगणं. चहा तुम्ही करायचा. दूध उतू गेलं, कप फुटला, तरी मी जागचा हलणार नाही. माझे हात खिशात असतील. तुमचे मात्र बाहेर हवेत.

दार उघडायला वेळ लागला तर लागू दे. मी जिन्यात उभा राहीन.

तुमचा विद्यार्थी

ता. क. पाकीट मुद्दाम अर्धंच चिकटवलंय."