पावडर खोक्यातच राहिली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मढच्या एका दवाखान्यात मी वीस वर्षं कंपाउंडर आहे. त्या सकाळी मी सविताला नुसतं पाणी टोचलं.

सविता आणि दत्ता हे जवळच्या वाडीतलं जोडपं, भातशेती करणारं. मूल होत नव्हतं म्हणून आळेफाट्याच्या एका डॉक्टर मॅडमची ट्रीटमेंट चालू होती. सोनोग्राफीत स्त्रीबीजाची पिशवी, म्हणजे फॉलिकल, पूर्ण वाढलेली दिसली. ती फोडणारं हार्मोनचं इंजेक्शन सकाळी सहाला द्यायचं होतं. त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीज बाहेर पडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचं वीर्य गर्भाशयात सोडायचं ठरलं. इतक्या सकाळी फाट्यावर पोचणं अवघड, म्हणून मॅडमनी चिठ्ठी आणि इंजेक्शनचं खोकं देऊन त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"भाऊ, बारीक सुई घ्या. लई घाबरती ती," दत्ता म्हणाला.

"मी घाबरती? परवा गुरांचा डॉक्टर आला तवा म्हैस मी धरली. तुमी गोठ्याबाहेर व्हता!"

मी हसत हसत काचेची कुपी फोडली, सिरिंज भरली, टोचलं. दोघं गेली.

खोकं टाकायला उचललं तर आत दुसरी कुपी. तळाशी जराशी पांढरी पावडर. खरं औषध तेच. पहिल्या कुपीतलं पाणी ते विरघळवायला असतं. आमच्याकडची बहुतेक इंजेक्शनं तयार येतात. हात सवयीनं चालला.

साडेसहा झाले होते. चिठ्ठीवर दत्ताचा नंबर होता. दोघांना परत बोलावून तासभर उशिरा टोचलं असतं, तरी मॅडमनी पुढची वेळ बदलली असती. मी फोन उचलला, परत ठेवला. पावडरची कुपी कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन.

"फॉलिकल फुटलं नाही. इंजेक्शन दिलं होतं ना?"

"दिलं, मॅडम."

"बरोबर सहाला?"

"सहाला."

"होतं असं कधी कधी. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात ती दोघं फाट्यावर गेलीच नाहीत. दत्ताची आई गुडघा दाखवायला आली तेव्हा कळलं. "एवढी भारी सुई, ती बी हिच्या अंगाला लागली न्हाई. म्हणलं, आता बास." सविता शेजारीच उभी होती. मी म्हातारीच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

आता मी खोकं आधी टेबलावर पालथं करतो, मगच सिरिंज उघडतो. त्याचा सविताला काही उपयोग नाही. औषध तिच्या अंगात गेलंच नव्हतं, हे तिला तिच्या सासूसमोर सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.