दादाच्या नाकाचं दुसरं ऑपरेशन

"धोका म्हणजे नेमका किती?"

हे मी डॉक्टरांना विचारलं, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला विचारलं, देवळातल्या गुरवालाही विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. किस्से मात्र सगळ्यांनी दिले! नारपोलीच्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कापडापेक्षा किस्सेच जास्त निघतात. हे सगळे माझ्या थोरल्या भावाच्या नाकाचे.

*

लूमवरून सुताची कांडी नेणारा लाकडी धोटा उडाला आणि थेट दादाच्या नाकावर बसला. पहिलं ऑपरेशन झालं. बाहेरून नाक सरळ, आतून दोन्ही बाजूंनी बंद!

वहिनी म्हणाली, "फोटो स्टुडिओत न्यायला बरं हाय."

*

डॉक्टर म्हणाले, "एकदा कापलेल्या जागी पुन्हा कापणं अवघड. नाक खाली बसू शकतं. भुलीचाही धोका आहे. जमलं, तर श्वास मोकळा होईल. पण आधाराला तुमच्या कानाची कूर्चा घ्यावी लागेल."

"घ्या की!" दादा म्हणाला. "लूमच्या आवाजात कान तसाबी कुठं कामाला येतो?"

*

शेजारच्या लूमवरचे रहमतचाचा या ऑपरेशनच्या विरुद्ध. "अरे, मुँह से साँस ले ना! मुँह किसलिए है?"

दादानं भाकरीचा हा मोठा घास तोंडात कोंबला आणि चावत त्यांच्याकडे बघत उभा राहिला. चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, तसे चाचाच ओरडले, "थूक दे, बाबा! करवा ले ऑपरेशन!"

*

वहिनी मात्र हटेना. "तुमचं घोरणं मला चालतंय. पण पुन्हा चिरफाड न्हाय."

"तू झोपतेस गं. मी भिंतीला टेकून बसून असतो."

 सकाळी दवाखान्याची पिशवी वहिनीनंच भरली.

*

लूम चालू असताना आम्ही हातानंच बोलतो. निघायच्या दिवशी दादा दारात उभा राहिला. नाक चिमटीत धरलं, सोडलं आणि छाती फुगवून दाखवली. सगळा कारखाना हसला!

*

"नाक मोकळं झालं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण ते भुलीतून बाहेर आलेच नाहीत."

घरी आणलं. अंगणात आंघोळ घातली. काकांनी रीतीप्रमाणे त्याच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले. तिरडी उचलणार, तेवढ्यात मी वाकलो आणि दोन्ही बोळे उपसून काढले.

"अरे, काय करतोस! रीत हाय ती!" काका ओरडले.

बोळे खिशात टाकले आणि पुढचा खांदा धरला.

"आता उचला," मी म्हणालो.