नांदेडचा ढग, उदगीरची तार

दुपारी फोन वाजला, पडद्यावर दाजींचं नाव दिसलं आणि फोन उचलायच्या आधी मी सवयीने खिडकीशी गेलो. दाजींचा फोन म्हणजे एकच चौकशी : नांदेडच्या आभाळात ढग आहे का? पण दिवस माघातले, आभाळ घासूनपुसून ठेवलेलं. माघात यांना कसला ढग हवाय, असं म्हणत फोन कानाला लावला, तर पलीकडे कुसुमअक्का. "सुधाकर, हे गेले रे..." एवढंच बोलली. मी तसाच खिडकीत उभा राहिलो. त्या रिकाम्या आभाळाचा मला राग आला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, व्यंकटराव. उदगीरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. मी पडलो मराठीचा मास्तर. आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण चेष्टेवर जमलं. "मेव्हणे, तुमच्या कवितेतला ढग नुसता रडतो. आमचा कामाचा हाय," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे आणि मी त्यांच्या ताटात मुद्दाम जास्तीचं कारलं वाढायचो.

ढगाचं ते काम त्यांनी मला एकदा अक्काच्या स्वयंपाकघरात दाखवलं. गॅसवर दूध तापत होतं. "सायीकडं बघा. आग खाली, उकळी खाली, पण थरथरायली कोण? साय!" वैशाखातला दांडगा वादळी ढग असाच मुसंडी मारत वर चढतो, वरच्या शांत हवेच्या थराला धडकतो आणि तो थर खालीवर हलू लागतो. तिथून लाटा निघतात. वर हवा विरळ होत जाते तशी लाट मोठी होत जाते आणि जिथून रेडिओच्या लहरी परत जमिनीकडे वळतात, त्या फार उंचावरच्या थरालाही हलवून सोडते. मग दूरदेशीच्या केंद्राचा आवाज सावकाश, एका संथ लयीत वरखाली होतो. "मराठवाड्याला कोणी विचारत न्हाई म्हणता ना? आपला ढग आभाळाचं छत हलवून येतो, साहेब!" हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, की जणू ढग त्यांनीच भरून पाठवलाय. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि अक्काने दोघांनाही बाहेर काढलं.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार ताणली, खाली जुना रेडिओ ठेवला आणि मला नांदेडचा बातमीदार नेमलं. उन्हाळाभर फोन. "ढगाचं डोकं चपटं झालं का?" चपटं म्हणजे वरच्या थराला धडकलेलं. झालं म्हटलं, की तासाभराने ते कान लावून बसत. शास्त्रज्ञांनी हे कधीच शोधून ठेवलंय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त आपला ढग ऐकायचा होता. एकदाच, पण निखळ : इथे ढग मी पाहिलेला, तिथे आवाज त्यांनी ऐकलेला आणि मध्ये शंकेला जागा नाही. पण प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी वीज जायची, कधी शेजारच्या पाण्याच्या मोटारीची खरखर, कधी मी वर्गात.

एकदा मात्र ते फोनवर अक्षरशः ओरडले, "मेव्हणे, ऐकू यायलंय! वरखाली, वरखाली! ढग केवढा हाय?" मी बाहेर पाहिलं. ढगाचा मागमूस नव्हता. ते तरातरा गच्चीवर गेले आणि बघतात तर काय, अक्काने त्यांच्या तारेवर ओल्या शेवया वाळत घातलेल्या! तार खाली झुकलेली आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी शेवयांसकट झोके घेत होती. "मोकळी दोरी दिसली, टाकल्या," अक्का म्हणाली. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण दाजी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढच्या खेपेला त्याच शेवयांची खीर त्यांनी मला आग्रहाने वाढली, "खा, ही लाट हाय." तेव्हापासून आवाज हलला, की त्यांचा पहिला प्रश्न ढगाचा नसायचा. ते अक्काला हाक मारायचे, "तारेवर काही न्हाई ना?"

ती निखळ दुपार त्यांना मिळाली नाही. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तेराव्यानंतर तार काढायचा विषय निघाला. पुण्याहून आलेल्या भाचीचं म्हणणं चूक नव्हतं : आई एकटी, त्यात विजांचे दिवस येणार. इतकी वर्षं त्या तारेच्या नावाने बोटं मोडणारी अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. इथं गडगडायच्या आधीच तार रेडिओपासून सोडवायची, हे मला त्यांनी शिकवलंय." तार राहिली.

गेल्या आठवड्यात, वैशाखातल्या भर दुपारी फोन वाजला. पडद्यावर दाजींचं नाव. पाय आपोआप खिडकीकडे वळले.

"सुधाकर, तिकडं ढग हाय का रे?"

गोदावरीच्या पलीकडे मघाशी दिसलेला ढग अजून उभा होता. केवढा थोरला! डोकं पार चपटं झालेलं. "हाव अक्का, हाय. चांगला तासाभरापासून हाय."

"इथं आभाळ मोकळं हाय. लाईट हाय, मोटारबी बंद हाय. आन् आवाज वरखाली व्हायलाय रे... सावकाश."

एकाच दुपारी ऐकून काही सिद्ध होत नाही, उद्या पुन्हा बघा, असं दाजी म्हणाले असते हे मला माहीत होतं. उद्या पुन्हा बघूच. पण आधी त्यांचा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. "अक्का, तारेवर काही न्हाई ना?"

"गच्चीवर जाऊन बघून आले मी," अक्का म्हणाली. "शेवया यंदा बाजेवर टाकल्यात."

मग तिने फोन रेडिओजवळ धरला आणि मी त्या ढगाकडे बघत ऐकत राहिलो.