फ्लॉपी नंबर एकतीस

“ही फ्लॉपी एकतीस? यात तर हॉस्टेलच्या मेसची यादी आहे!” बाहेरगावचे परीक्षक म्हणाले. शैलजाची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालू होती. मी ग्रंथपाल, कॉम्प्युटरपाशी उभा.

शैलजाने पाच वर्षं सोनगीरकडच्या बायांकडून लग्नातली अहिराणी गाणी जमवली होती. आमच्या धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर नवाच होता. गाणी त्यावर टाइप करून फ्लॉपीवर, म्हणजे प्लास्टिकच्या चौकोनी पाकिटातल्या चकतीवर, साठवली; कॉलेजच्या सगळ्याच फ्लॉप्या माझ्या ताब्यात असत. प्रबंधात प्रत्येक गाण्याखाली फ्लॉपीचा नंबर दिला.

चूक माझी. प्रबंध दिल्यानंतरच्या पावसाळ्यात काही फ्लॉप्यांना बुरशी लागली, त्या फेकल्या. मधले नंबर गायब दिसले की स्टॉक तपासणारे साहेब डोकं खातात, म्हणून उरलेल्यांना एकपासून नवे नंबर दिले. टापटिपीची हौस, दुसरं काय!

“मूळ गाणं पाहिल्याशिवाय सही नाही,” परीक्षक म्हणाले. शैलजाचा चेहरा उतरला.

प्राचार्य मला म्हणाले, “चार वाजेपर्यंत काय ते करा.”

शंभरावर फ्लॉप्या, एकेक उघडायला मिनिटं जायची. आमचे शिपाई नाना मागून म्हणाले, “भाऊ, नवं लेबल जुनावरच चिटकाडेल शे ना? मंग काढा ना ते!”

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओल्या फडक्याने आम्ही लेबलं सोलत बसलो. खालचे शाईचे नंबर फिकट, पण वाचता येत होते. साडेतीनला जुनी एकतीस सापडली. परीक्षकांनी गाणं ओळन्‌ओळ ताडून पाहिलं आणि सही केली. शैलजा रडली. मला तर नानांच्या पाया पडावंसं वाटलं.

नंतर नाना म्हणाले, “वावर इकी टाकं तरी गट नंबर तोच ऱ्हास, भाऊ.”

शेताचा मालक बदलतो, गट नंबर बदलत नाही. मी नवं रजिस्टर घातलं. नंबर फ्लॉपीला नाही, तिच्यातल्या मजकुराला: जुनाच, एकदाच, कायमचा. फेकलेल्यांचे नंबर रिकामेच सोडले. तो मजकूर कुठल्या कपाटात, कुठल्या फ्लॉपीवर आहे ते शेजारच्या रकान्यात, पेन्सिलीने. पुढे लायब्ररी नव्या इमारतीत गेली, फ्लॉप्यांच्या सीडी झाल्या. खोडला फक्त तो रकाना. शैलजाचा प्रबंध वाचून अजून कुणीकुणी येतं आणि दोन मिनिटांत गाणं शोधून वाचून जातं.

स्टॉक तपासणारे साहेब दरवर्षी मधल्या रिकाम्या नंबरांवर बोट ठेवतात. मी सांगतो, “साहेब, ते वारले. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवत नाही.”