भरली की निघते

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी माझा नवरा स्कूटरची किल्ली हातात घेऊन बूट घालायला बसला आणि उठला नाही.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "आई, फ्लॅट भाड्याने देऊ. तू पुण्याला चल. नावड्याहून रोज बेलापूरला एकटी कशी जाणार तू?"

प्रश्न बरोबर होता. मी बेलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मेट्रोच्या स्टेशनापर्यंत मला नवरा सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. इतकी वर्षं शहरात राहून मेट्रो सोडली तर शहराची वाहनं मी फक्त त्याच्या पाठीमागून पाहिली होती. पण घर सोडायचं नव्हतं. "आधी महिनाभर जाऊन बघते," मी म्हटलं.

स्टेशनापर्यंत जायला सुरुवात बसने केली. बस विजेची, गार आणि इतकी मुकी की अंगावर येईपर्यंत कळत नाही. मोबाइलवर तिचा निळा ठिपका दिसतो. पहिल्या दिवशी तो ठिपका सरकत आला, माझ्यावरून गेला, आणि बस मात्र मला दिसलीच नाही. पाटीवर थांब्याचं नाव होतं, छप्पर होतं, बाक होता. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे, म्हणून मी तिथे बसून राहिले. छपरासमोर रिक्षांची रांग लागते, त्यामुळे बस पुढे कचराकुंडीपाशी, रस्त्याच्या मधोमध उभी राहते. ज्यांना बसने जायचं असतं ते उन्हात उभे असतात. छप्पर वाढदिवसाच्या बॅनरसाठी आहे.

मेट्रोची गोष्ट वेगळी. ती वेळेवर येते, स्वच्छ असते, तीन भाषांत नम्रपणे बोलते. फलाटावर आम्ही मोजके लोक असलो तरी सुरक्षारक्षक गर्दी आवरल्यासारखी शिट्टी मारतो. तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही, त्यामुळे आमच्या सोसायटीत तिचा विषयच निघत नाही.

शेवटी शेअर रिक्षा. तिला वेळापत्रक नाही. ती भरली की निघते. मागे तीन, आणि चौथा चालकाच्या शेजारी, अर्धा आत, अर्धा नवी मुंबईत.

मी पहिल्यांदा तिच्यापाशी गेले तेव्हा चालकाने ओळखलं. "ताई, आज साहेब नाय आले सोडायला?"

"ते वारले."

त्याने फडक्याने आरसा पुसला आणि मला एकटीला घेऊन रिक्षा काढली. मागून दुसरा चालक ओरडला, "अरे, खाली गाडी घेऊन कुठं चाललास?" त्याने मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसले आणि वाट पाहू लागले. "अजून तिघं येऊ दे, मंग निंगतो," तो म्हणाला. सवलत एका दिवसाचीच होती. नातेवाईकांची इतकीही नव्हती. ते पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात मला विचारत होते, फ्लॅटचं काय करणार.

महिना भरला आणि मुलगा बघायला आला. सोमवारी माझ्याबरोबर निघाला. आधी त्याने मोबाइलवरून कॅब मागवली. एकाने विचारलं, कुठे जायचंय, आणि ट्रिप रद्द केली. दुसऱ्याने न विचारताच केली. तिसरा "दोन मिनिटांवर" होता, आणि तिथेच राहिला.

मग आम्ही रिक्षात बसलो. मुलाने घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. "दादा, निघू या ना. आईला उशीर होतोय."

"आई रोज बसते, कधी बोलली नाय," चालक म्हणाला. "तुमी पयल्यांदा आलाव वाटतं."

तेवढ्यात पलीकडच्या दवाखान्यातली, रोज माझ्याबरोबर येणारी नर्स आली. "सरका मावशी. हा कोण, मुलगा? पुण्याचा? मग सवय असेल की खोळंबायची!" मला कोपराने ढोसून, रोज रिक्षात मी वाचते त्या पुस्तकाबद्दल तिने विचारलं, "त्या पुस्तकातली म्हातारी मेली का शेवटी?"

"अजून नाही. चाळीस पानं आहेत."

"मग असू दे उशीर. कसलं टेन्शन."

तळोज्याच्या कारखान्यातला एक माणूस हेल्मेट मांडीवर घेऊन पुढे लटकला आणि रिक्षा निघाली. मुलगा रस्ताभर माझी पिशवी छातीशी धरून बसला होता.

मेट्रोच्या जिन्यापाशी तो म्हणाला, "पुण्यात तुला असं कोणी ताटकळत ठेवणार नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

त्याने मोबाइल काढला. मग आधीच टाकून ठेवलेली फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात काढून टाकली.

स्कूटर खाली पार्किंगमध्ये आहे. किल्ली बुटांच्या कपाटावर आहे. मी नावड्यालाच राहते आणि सकाळी रिक्षा भरेपर्यंत मागच्या सीटवर वाचत बसते.