मुकुटबनच्या नाल्यातलं कथील

"अगं, कथील सापडलंय! बघायला ये!" शलाकाचा फोन आला आणि मी नागपूरहून निघालेच. शलाका माझी कॉलेजातली मैत्रीण, भूगर्भतज्ज्ञ. चांगली नोकरी सोडून तिनं आणि तिच्या ऑफिसातल्या निखिलनं खनिजं शोधणारी कंपनी काढली. कंपनी म्हणजे हे दोघं आणि एक जुनी जीप. यंदा काही हाती लागलं नाही, तर गुंतवणूकदार हात आखडता घेणार होते.

वणीपर्यंत एसटी बरी आहे. पुढे मुकुटबनच्या रस्त्यावर ट्रकांची धूळ, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच. वणीच्या स्टँडबाहेर तीस रुपयांत तर्री-पोहे मिळतात. तर्री बेतानं मागा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नाल्यावर गेलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. इथल्याच गाळाच्या तपासणीत कथील निघालं होतं. शलाकानं पसरट ताटलीत गाळ धुतला. तळाशी चार चंदेरी मणी उरले. मी टाळ्याच वाजवल्या! ती मात्र मणी बोटानं उलटसुलट करून बघत होती. जमिनीतलं कथील काळपट खडा असतं, ठोकलं की फुटतं, असं तिनं मला वाटेत सांगितलं होतं. तिनं एक मणी दगडावर ठेवून हातोडी मारली. तो चपटा झाला.

शेजारच्या शेतात सुनंदाबाई स्वतःचा कापूस वेचत होत्या. शलाकानं विचारलं, "मावशी, इथे कुणी धातूचं काम करायचं का?"

"कल्हईवाला बसे ना! दरसाल दिवाळीच्या आधी इथंच भट्टी लावे. गावातले सारे पितळेचे भांडे इथंच कल्हई करून नाल्यात धुवे. काहून वो, काय झालं?"

मी हबकलेच. कल्हई म्हणजे भांड्यांना आतून कथलाचा मुलामा; म्हणजे हे कथील बाजारातून विकत आणलेलं!

पण खरा धक्का पुढे होता. निखिल शांतपणे म्हणाला, "लॅबचा रिपोर्ट खोटा नाही ना? तसाच पाठवू." आदल्या संध्याकाळी मला आग्रहानं जेवू घालणारा हाच का माणूस? माझा कानांवर विश्वास बसेना.

शलाकानं तिथूनच गुंतवणूकदारांना फोन लावला. "ते कथील कल्हईचं आहे. खाली काही नाही." पलीकडचा माणूस आधी हसला, मग त्यानं फोन ठेवला.

घरी आल्यावर मी हा किस्सा सगळ्यांना हसत सांगत होते. परवा शलाका भेटली. कंपनी बंद, ती नोकरी शोधतेय. मी विचारलं, "आणि निखिल?"

"त्यानं नवी कंपनी काढली. तोच रिपोर्ट दाखवला. पैसे मिळालेसुद्धा."

तेव्हापासून मला तो किस्सा सांगताना हसू येत नाही.